प्युअर डेटात स्टिरिओ रेकॉर्डिंग: दोन चॅनेल खरेच दोन आहेत का, ते आधी बघा

चवथीला घुमट आरती (घुमट हे गोव्याचे मातीचे चर्मवाद्य) रेकॉर्ड केली, फाईल दोन चॅनेलांची झाली, संगणकही तिला स्टिरिओ म्हणतो. हेडफोन लावला तर सगळी आरती एकाच कानात, नाहीतर दोन्ही कानांत अगदी एकसारखी. प्युअर डेटा (पडद्यावर चौकटी तारांनी जोडून आवाजाचे काम करायचा प्रोग्राम) वापरणाऱ्यांकडून या दोन तक्रारी सारख्या ऐकू येतात. दोष बहुतेक वेळा प्रोग्रामचा नसतो. माइकपासून फाईलपर्यंतच्या वाटेत कुठेतरी दोन चॅनेलांचा एक होऊन जातो आणि फाईल उघडेपर्यंत कोणाला पत्ताच लागत नाही. म्हणून खाली जागोजागी तपासण्या दिल्या आहेत. एक जमल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेकॉर्डिंगचा ऑब्जेक्ट (अशा एकेका चौकटीला ऑब्जेक्ट म्हणतात) पाचव्या टप्प्यात येतो, तो तिथेच येऊ द्या.

ऑब्जेक्टांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. प्रोग्राममध्ये ती छोट्या रोमन अक्षरांत आणि आकडे रोमन अंकांत टाइप करायचे. नावाच्या शेवटची ~ ही खूण विसरायची नाही. आवाजाचा प्रवाह हाताळणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टला ती लागते. ती राहिली तर बहुतेक ऑब्जेक्टांची चौकट तुटक रेषेची दिसते; वजाबाकीसारखे काही तयार होतात, पण त्यांना आवाजाची तार लागत नाही.

## १. जागा आणि सामान

लागणारे सामान थोडे आहे: दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एकाच जातीचे दोन कंडेन्सर माइक, दोन एक्सएलआर केबल, स्टँड, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे माइक घेऊन स्टिरिओ करायला जाऊ नका. एक बाजू उजळ आणि दुसरी मंद येते, आणि ते नंतर कशानेही नीट होत नाही.

भाद्रपदात आपल्याकडे हवा दमट असते. माइक सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात न्या. वातानुकूलित गाडीतून उतरवल्या उतरवल्या जोडू नका; माइकवर दव धरते आणि आवाजात चरचर येते. अर्धा तास तसेच राहू द्या. पत्र्याच्या मंडपात पावसाची सर आली तर तिच्यावर इलाज नाही, कौलारू घरात मात्र बरेच निभावते. पंखे बंद करायला यजमान तयार होत नाहीत, ते आधीच बोलून ठेवा.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. चार्जर लावला की ५० हर्ट्झची बारीक गुणगुण येण्याचा संभव असतो, आणि मध्येच वीज गेली तरी बॅटरीवर काम चालू राहते. इंटरफेस यूएसबीवर चालत असेल तर तोही वाचतो.

## २. माइक कुठे, कसे

घरातल्या आरतीसाठी माझे मत सरळ आहे: एक्सवाय. दोन्ही माइकांची टोके एकावर एक, एकमेकांशी ९० अंशांच्या कोनात. आवाज दोन्हींवर जवळजवळ एकाच क्षणी पोचतो, त्यामुळे कोणी ही आरती फोनच्या एका स्पीकरवर लावली तरी काही गळत नाही. आणि बहुतेक लोक ती तशीच ऐकणार आहेत. देवळाच्या मोठ्या मंडपात जागा असेल तर ओआरटीएफ बघा: टोकांमध्ये १७ सेंटीमीटर अंतर, कोन ११० अंश. पसारा जास्त ऐकू येतो.

एक्सवायमध्ये माइक एकमेकांवरून आडवे जातात. उजव्या हाताला असलेल्या माइकचे तोंड डावीकडे असते. डावा चॅनेल म्हणजे डावीकडे बघणारा माइक, मग त्याचे बूड कुठेही असो. इथे अदलाबदल झाली तर स्टिरिओ नीट येतो, फक्त आरसा लावल्यासारखा उलटा.

घुमटाचे दोन आवाज असतात: थापेचा, चामड्याकडून येणारा, आणि मागच्या उघड्या तोंडातून घुमणारा. ते तोंड वादक हाताने झाकतो-उघडतो. काही जण एक माइक चामड्यासमोर आणि दुसरा त्या तोंडाशी लावतात आणि त्याला स्टिरिओ म्हणतात. तो स्टिरिओ नव्हे. दोन टोकांचे आवाज एकमेकांच्या विरुद्ध पडू शकतात, आणि एकत्र केल्यावर घुमटाचा खर्जच जातो. दोन्ही माइक सगळ्या वादकांसमोर दीड-दोन मीटरवर, डोक्यापेक्षा थोडे वर, तोंड खाली कलते ठेवा. कांसाळेवाल्याला (कांसाळे म्हणजे मोठी झांज) मागे उभे राहायची विनंती करा. कांसाळे जवळ आले की घुमट आणि शमेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) दोन्ही झाकले जातात.

## ३. केबलचे दोन सापळे

पहिला सापळा लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या एकत्र भोकाचा. त्यात माइकसाठी एकच तार असते. स्टिरिओ माइक त्यात खुपसला तरी आत एकच चॅनेल जातो आणि ड्रायव्हर त्याचीच नक्कल दोन्हीकडे देतो. फाईल दोन चॅनेलांची होते, स्टिरिओ होत नाही.

दुसरा जास्त फसवा. मिक्सरच्या हेडफोन आउटमधली स्टिरिओ पिन इंटरफेसच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातली, तर इंटरफेस डाव्यातून उजवा वजा करतो. दोन्हींमध्ये सारखे असलेले सगळे गायब होते. म्हणजे नेमका मुख्य गायक! मागे उरतात टाळ आणि खोलीचा घुमारा. भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये बुवांचा आवाजच नाही असे झाले, तर आधी हीच केबल तपासा. दोन चॅनेलांसाठी दोन वेगळी इनपुट वापरायची, मध्ये एका स्टिरिओ पिनच्या दोन मोनो पिना करणारी केबल लावायची.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. तो माइक जोडल्यावर चालू करा आणि काढण्याआधी बंद करा.

## ४. संगणकाची परवानगी, मग प्युअर डेटाची सेटिंग

प्रोग्राम उघडायच्या आधी सिस्टीमकडे जा. मॅकवर प्रायव्हसीच्या पानावर माइक वापरायची परवानगी प्युअर डेटाला दिलेली असावी लागते. ती नसेल तर चूक दाखवली जात नाही, फक्त शांतता येते. विंडोजमध्येही डेस्कटॉप ॲपना माइक वापरू देण्याची परवानगी वेगळी असते. तिथेच साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये इनपुटच्या ॲडव्हान्स्ड पानावर २ चॅनेल आणि ४८००० हर्ट्झ निवडा, आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. आवाज स्वच्छ करणाऱ्या त्या सोयी बोलण्यासाठी केलेल्या आहेत. तंबोऱ्याचा किंवा हार्मोनियमचा सलग स्वर त्यांना गोंगाट वाटतो आणि त्या तो खाऊन टाकतात.

आता प्युअर डेटातली ऑडिओ सेटिंग उघडा. विंडोज आणि लिनक्सवर ती मीडिया मेनूत सापडते.

- इनपुट डिव्हाइस: तुमचा इंटरफेस. यादीत वर असलेला लॅपटॉपचा माइक नव्हे.
- त्यासमोरचे चॅनेल: २. इथे १ असेल तर पुढचे सगळे कष्ट वाया.
- सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने): इंटरफेसवर आहे तोच, समजा ४८०००.
- डिले: ५० ते १०० मिलिसेकंद. तुम्हाला इथे स्वतःचा आवाज तत्काळ परत ऐकायचा नाही, त्यामुळे डिले जास्त असला तरी काही बिघडत नाही. तो फार कमी ठेवला तर लॅपटॉप दमतो आणि आवाजात टिकटिक येते.

सॅम्पल रेटचा घोळ सगळ्यात उशिरा लक्षात येतो. इंटरफेस ४८००० वर चालतोय आणि प्युअर डेटा ४४१०० समजून लिहितोय असे कधी झाले, तर फाईल संथ आणि सुमारे दीड अर्धस्वर खाली वाजते. काळी दोनमध्ये गाणारा बुवा पांढरी दोनच्याही खाली घसरलेला ऐकू येतो. यावरची तपासणी आठव्या टप्प्यात आहे.

तपासणी: मीडिया मेनूत ऑडिओ आणि मिडी तपासायचा तयार पॅच (चौकटी-तारांची मांडणी) आहे. तो उघडा, प्रत्येक माइकसमोर वेगवेगळे बोला. दोन आकडे वेगवेगळे हलले पाहिजेत. एकच हलत असेल, किंवा दोन्ही नेहमी तंतोतंत सारखे असतील, तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा.

## ५. पॅच: आधी मोजमाप, मग लेखन

नवा पॅच उघडा आणि काहीही टाकायच्या आधी तो सेव्ह करा, आजच्या रेकॉर्डिंगसाठी केलेल्या फोल्डरमध्ये. फाईलचे नुसते नाव दिले की प्युअर डेटा ती पॅचच्या फोल्डरमध्ये लिहितो. पॅच सेव्हच केलेला नसेल तर फाईल कुठेतरी भलतीकडे पडते आणि मग सगळी डिस्क धुंडाळावी लागते.

कंट्रोल-१ ने ऑब्जेक्ट येतो, कंट्रोल-२ ने मेसेज, कंट्रोल-३ ने आकड्याचा डबा. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड.

सगळ्यात वर ‘एडीसी~ १ २’ ठेवा, तो इनपुटचा आवाज आत आणतो. त्याची डावी आउटलेट (चौकटीच्या खालच्या बाजूचे तोंड; वरच्याला इनलेट म्हणतात) म्हणजे इंटरफेसचे पहिले इनपुट, उजवी म्हणजे दुसरे. त्याखाली तीन मापे लावा.

पहिले आणि दुसरे: डाव्या आउटलेटमधून एक तार ‘एन्व्ह~ ४०९६’ (अक्षरे ई, एन, व्ही) मध्ये आणि तिथून आकड्याच्या डब्यात, उजवीकडेही तसेच. हा ऑब्जेक्ट सरासरी पातळी डेसिबलमध्ये सांगतो, पण त्याची मोजपट्टी आपल्या ओळखीची नाही. इथे १०० म्हणजे डिजिटल कमाल आणि ० म्हणजे पूर्ण शांतता. ऋण आकड्यांची सवय असेल तर मनातल्या मनात १०० वजा करा.

तिसरे माप सगळ्यात महत्त्वाचे. ‘-~’ असा वजाबाकीचा ऑब्जेक्ट घ्या, पुढे आकडा न लिहिता. डावी आउटलेट त्याच्या डाव्या इनलेटमध्ये, उजवी उजव्या इनलेटमध्ये, आणि खाली आणखी एक ‘एन्व्ह~ ४०९६’ व आकड्याचा डबा. पुढे आकडा लिहिलात तर उजव्या इनलेटमध्ये आवाजाची तार लागतच नाही, आणि मग लोक ती तार डावीकडेच जोडून मोकळे होतात.

डीएसपी, म्हणजे आवाजाची प्रक्रिया, चालू करा (कंट्रोल आणि तिरपी रेघ) आणि वाचा:

- आवाज असतानाही तिसरा आकडा ० असेल, तर दोन्ही चॅनेल हुबेहूब एक आहेत. तुमच्याकडे स्टिरिओ नाही, मोनोची नक्कल आहे.
- तिसरा आकडा पहिल्या दोनांपेक्षा ४०-५० ने खाली असेल, तर कुठेतरी एकच केबल दोनांत फुटली आहे.
- वादक नीट पसरून बसलेले असताना तो पहिल्या दोनांच्या आसपास, थोडा खाली असेल, तर स्टिरिओ आहे.

टाळीची तपासणी: माइकच्या मागे, वादकांकडे तोंड करून उभे राहा. एकाला तुमच्या डाव्या हाताला पाठवा आणि चार टाळ्या मारायला सांगा. पहिला आकडा जास्त उडायला हवा. उलटे झाले तर इंटरफेसवरच्या केबल बदला, पॅचमधल्या तारा नको. तारा उलट्या लावून काम भागवले तर पुढच्या खेपेला दुसरा कोणी त्या सरळ करतो आणि पुन्हा उलटे होते.

मधल्या माणसाची तपासणी: आता तोच माणूस बरोबर मध्ये उभा करा आणि एक सलग स्वर लावायला सांगा. चौथे माप म्हणून दोन्ही आउटलेटच्या तारा एकाच ‘एन्व्ह~ ४०९६’ मध्ये घाला. प्युअर डेटात एका इनलेटमध्ये आलेले आवाज आपोआप बेरीज होतात. एक्सवाय मांडणीत ही बेरीज एकेका चॅनेलपेक्षा सुमारे ६ ने जास्त यायला हवी. ती उलट कमी आली, तर एका माइकची किंवा केबलची ध्रुवता उलटी आहे. केबल बदलून बघा.

हीच आपोआप बेरीज पुढच्या चुकीचे मूळ आहे. लिहिणारा ऑब्जेक्ट आता घ्या: ‘राइटएसएफ~ २’. ‘राइट’ हा ‘लिहिणे’ या अर्थाचा इंग्रजी शब्द, त्याला लागून एस आणि एफ, मग ~, मग जागा सोडून २. तो २ विसरलात तर ऑब्जेक्ट एकाच चॅनेलचा होतो, त्याला एकच इनलेट असते, आणि घाईत दोन्ही तारा त्यातच जातात. तक्रार कुठेही उमटत नाही; फाईल मोनो होते. २ लिहूनही तारा नीट बघा: डावी डाव्या इनलेटमध्ये, उजवी उजव्या. दोन्ही डावीकडे गेल्या की सगळी आरती डाव्या कानात आणि उजवा मुका. सुरुवातीला सांगितलेली ‘एका कानाची’ तक्रार बहुतेक इथूनच येते.

एडीसी~ मधून थेट ‘डॅक~’ (अक्षरे डी, ए, सी; आवाज बाहेर स्पीकरकडे पाठवणारा ऑब्जेक्ट) कडे तार ओढू नका, निदान स्पीकर चालू असताना तरी. माइक आणि स्पीकर एकमेकांना ऐकायला लागले की शिट्टी घुमते. हेडफोन इंटरफेसलाच लावा. बऱ्याच इंटरफेसवर माइक थेट ऐकायची सोय असते.

## ६. मेसेजांचा क्रम: ओपन, स्टार्ट, स्टॉप

हे तीन मेसेज राइटएसएफ~ च्या डाव्या इनलेटमध्ये जातात. तीच इनलेट डाव्या चॅनेलचा आवाजही घेते. गोंधळू नका, दोन्ही एकत्र नांदतात.

फाईलचे नाव निवडायला ही साखळी करा: एक बँग (दाबायचे गोल बटण), त्याखाली ‘सेव्हपॅनेल’, त्याखाली ‘ओपन -बाइट्स ३ $१’ हा मेसेज, आणि तिथून तार राइटएसएफ~ मध्ये. बँग दाबली की सेव्ह करायची खिडकी येते, तुम्ही दिलेले नाव $१ च्या जागी बसते. ३ बाइट्स म्हणजे २४ बिट. हा भाग गाळला तर १६ बिटची फाईल होते. आरतीसारख्या, कुजबुजीपासून थेट गजरापर्यंत जाणाऱ्या आवाजाला २४ बिटच घ्या. ‘-बाइट्स’ ही खूण आणि तिचा आकडा नावाच्या आधी लिहायचे.

सेव्हपॅनेल टाळून नाव हाताने मेसेजमध्ये लिहिणार असाल तर नावात जागा सोडू नका. प्युअर डेटा जागेवर शब्द तोडतो आणि नावाचा पहिला तुकडाच नाव समजतो. शिवाय त्या नावाची फाईल आधीच असेल तर न विचारता ती पुसून नवी लिहिली जाते. गेल्या वर्षीची आरती अशी जाऊ शकते.

मग ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’ हे दोन साधे मेसेज. क्रम असा:

१. डीएसपी चालू आहे ना, बघा. तो बंद असताना स्टार्ट दिले तर आवाज लिहिलाच जात नाही आणि फाईल रिकामी राहते.
२. ओपन. फाईल तयार होते, अजून आवाज जात नाही.
३. स्टार्ट. ओपननंतर थांबायची गरज नाही, तत्काळ दिले तरी चालते.
४. स्टॉप. फाईल इथे पूर्ण होते.
५. पुढच्या रेकॉर्डिंगला पुन्हा ओपन. स्टॉपनंतर नुसते स्टार्ट दाबून काही होत नाही. आधी ओपन नाही अशी तक्रार मुख्य खिडकीत उमटते.

स्टॉप आणि पुढचे ओपन यांच्यामध्ये मात्र थोडा श्वास घेऊ द्या. मागचे उरलेसुरले डिस्कवर उतरवायला ऑब्जेक्टला वेळ लागतो. दोन आरत्यांमध्ये तेवढी उसंत मिळतेच.

मेसेजवर क्लिक केल्यावर काहीच होत नसेल तर तुम्ही एडिट मोडमध्ये आहात. कंट्रोल-ई दाबून बाहेर या. हसू येईल, पण मंडपात ऐन वेळी हात इथेच अडकतात. स्टार्टच्या शेजारी ‘चालू’ असे दाखवणारा टॉगल (चालू-बंदची खूण) ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका: तो तुम्ही काय दाबले ते सांगतो, डिस्कवर काय उतरले ते नाही. फाईलचा आकार वाढतोय का, ते फोल्डरमध्ये बघा.

## ७. पातळी

गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) इंटरफेसच्या बटणावरच लावायचा. पॅचमध्ये ‘*~ ०.५’ घालून आवाज कमी केला तरी इंटरफेसमध्ये फाटलेला आवाज फाटलेलाच राहतो, फक्त हळू ऐकू येतो.

एन्व्ह~ सरासरी दाखवतो, आणि घुमटाची थाप सरासरीत दिसत नाही. आकडा ८० वर शांत बसलेला असताना थाप कमाल मर्यादेला टेकलेली असू शकते. म्हणून दोन्ही चॅनेलांना एकेक धोक्याचा दिवा लावा: आउटलेटमधून ‘ॲब्स~’, त्याखाली ‘थ्रेशोल्ड~ ०.९ १००० ०.५ १००’, आणि त्याच्या डाव्या आउटलेटला बँग. आवाज ०.९ च्या वर गेला की बँग चमकते. इथे १ म्हणजे कमाल. ॲब्स~ गाळू नका. नाहीतर तरंगाचा फक्त वरचा अर्धा भाग तपासला जातो.

वादकांना ‘जरा वाजवून दाखवा’ म्हटले तर ते हळू वाजवतात. शेवटच्या आरतीची दुगण (दुप्पट लय) मागा, सगळ्यांनी मिळून, आणि तेव्हा दिवा एकदाही लागत नाही इतका गेन ठेवा. त्यावर थोडी आणखी जागा सोडा, कारण भर आरतीत हात त्याहून जोरात पडतो. २४ बिटमध्ये कमी पातळीचे फारसे नुकसान नाही. दोन्ही बाजूंचे गेन सारखेच हवेत, नाहीतर सगळी बैठक एका अंगाला झुकते.

खर्जाची गुणगुण घालवायला ‘हिप~ १००’ वगैरे मध्ये घालायचा मोह होईल. घालू नका. गुणगुणीच्या आसपासच घुमटाचा गाभा आहे. कच्चे रेकॉर्ड करा, चाळणी घरी लावता येते.

## ८. एक मिनिटाची चाचणी

फोनवर स्टॉपवॉच लावा, स्टार्ट दाबा, बरोबर ६० सेकंदांनी स्टॉप. मधल्या वेळात एकाने डावीकडून मध्यातून उजवीकडे बोलत चालावे: ‘डावी… मध्य… उजवी’. आता ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडा, ऑडॅसिटी पुरे.

- लांबी ६० सेकंदांच्या आसपास हवी. ६५ सेकंदांची झाली तर तो ४४१००-४८००० चा घोळ आहे. चौथ्या टप्प्यावर परत.
- माणूस कानात तसाच चालला पाहिजे.
- तरंगाचे माथे सपाट कापलेले नकोत.
- मोनो करून ऐका. घुमट पोकळ झाला तर माइकमधले अंतर बघा.

प्युअर डेटातच ऐकायचे असेल तर ‘रीडएसएफ~ २’ घ्या, पहिल्या दोन आउटलेट डॅक~ ला जोडा, आधी ओपन मग स्टार्ट. तिसरी आउटलेट आवाजाची नाही, फाईल संपल्यावर बँग देणारी आहे. पण सॅम्पल रेटची चूक इथे सापडत नाही. ज्या चुकीच्या समजुतीने फाईल लिहिली त्याच समजुतीने ती वाजते आणि सगळे छान ऐकू येते.

## ९. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, आणि लांबचे

सुरू झाल्यावर पॅचला हात लावू नका. आवाजाचा एखादा ऑब्जेक्ट वाढवला किंवा तार काढली तरी प्युअर डेटा आवाजाची सगळी साखळी नव्याने बांधतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये टक् असा आवाज राहून जातो. लॅपटॉपची झोप, वाय-फाय आणि अपडेट बंद. पेनड्राइव्हवर थेट लिहू नका. लॅपटॉपच्या डिस्कवर लिहा, नंतर कॉपी करा.

जागेचा हिशेब सोपा आहे. ४८००० नमुने, ३ बाइट्स, २ चॅनेल: सेकंदाला २,८८,००० बाइट्स, मिनिटाला सुमारे १७ एमबी, तासाला १ जीबीहून किंचित जास्त. १६ बिट आणि ४४१०० ला तासाला साधारण ६३५ एमबी. आरतीला हे किरकोळ आहे. पण वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखे २४ तास अखंड चालणारे भजन असेल तर हिशेब २५ जीबीच्या घरात जातो, आणि त्याआधीच दुसरी भिंत लागते: वेव्ह फाईलमध्ये लांबीची नोंद ४ जीबीपर्यंतच मावते. म्हणजे वरच्या सेटिंगला जेमतेम चार तास. तिथवर ताणू नका, तासातासाचे तुकडे करा.

तुकडे करताना मध्ये खंड पडू नये म्हणून दोन राइटएसएफ~ २ शेजारी ठेवा, दोन्हींना त्याच तारा. पहिला चालू असतानाच दुसऱ्याला ओपन आणि स्टार्ट द्या, दहा सेकंद दोन्ही चालू द्या, मग पहिल्याला स्टॉप. तासाभराने उलट. ते दहा सेकंद दोन्ही फायलींत असतात, जोडताना उपयोगी पडतात. स्वयंचलित करायचे असेल तर ठरावीक वेळाने बँग देणाऱ्या ‘मेट्रो’ ला ३६००००० मिलिसेकंद द्या. डब्यात तो आकडा ई घातलेल्या संक्षिप्त रूपात दिसेल. किंमत तीच असते. नावाला क्रमांक लावायला ‘मेकफाईलनेम’ आहे. पॅच बंद करून पुन्हा उघडला की तुमचा मोजणीचा डबा शून्यापासून सुरू होतो आणि जुन्या फायली पुसल्या जातात, म्हणून दर खेपेला फोल्डर नवे करा.

भजनामागचा तंबोरा प्युअर डेटातच तयार केला असेल आणि तोही रेकॉर्ड करायचा असेल, तर डॅक~ ला जाणाऱ्या तारांचीच आणखी एक फांदी राइटएसएफ~ ला द्या. डॅक~ ला स्वतःची आउटलेट नसते, त्याच्यामागून काही काढता येत नाही. माझे ऐकाल तर तंबोऱ्याला वेगळा राइटएसएफ~ २ द्या. एकदा माइकमध्ये मिसळला की तो वेगळा काढता येत नाही.

## १०. स्टॉप राहून गेला तर

बॅटरी संपली, लॅपटॉप मिटला, प्रोग्राम कोसळला आणि स्टॉप दिलाच नाही, तर फाईल डिस्कवर असते पण उघडत नाही किंवा शून्य लांबीची दिसते. तिची खरी लांबी फाईलच्या डोक्यावर स्टॉपच्या वेळी नोंदली जाते. आतला आवाज बहुतेक शाबूत असतो. आधी फाईलची एक प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. ऑडॅसिटीत कच्चा डेटा आयात करायचा पर्याय निवडा आणि भरा: २४ बिट साइन्ड पीसीएम, लिटल एंडियन, २ चॅनेल स्टिरिओ, ४८०००, सुरुवातीचा ऑफसेट ४४ बाइट्स.

ऑफसेट इथे शोभेचा नाही. स्टिरिओ २४ बिटमध्ये दर नमुन्याला सहा बाइट्स लागतात, आणि ४४ ला सहाने नि:शेष भाग जात नाही. ऑफसेट ० ठेवलात तर बाइट्स सरकतात आणि आरतीऐवजी धबधब्यासारखी खरखर ऐकू येते. ४४ देऊनही खरखर आली तर ४५, ४६ असे एकेकाने वाढवत ४९ पर्यंत बघा. या सहांपैकी दोन जागी आवाज रुळावर येतो, पण डावे-उजवे एकाच जागी बरोबर असते. आवाज आला की डावे डावीकडेच आहे ना, ते लगेच ऐकून तपासा. तीन बाइट्सनी सरकला असेल तर आवाज स्वच्छ येतो, पण डावे उजवीकडे गेलेले असते.